नेकारसुल्मची हरवलेली जुडी

या, अशा जवळ सरकून बसा. चहा गार झाला तर पुन्हा टाकू, पण मध्येच उठू नका. आज तुम्हाला एका चोरीची गोष्ट सांगते. चोरी देवाच्या घरातली. वस्तू अशी, की बाजारात कुणी फुकट दिली तरी घेणार नाही. आणि तिचा छडा लावला तो अशा बाईनं, जिच्या पोटात त्या दिवशी सकाळपासून मत्सराचा निखारा धगधगत होता. ऐकताना एवढंच करा, चोराचा राग आला तर थोडं थांबा.

१

कीर्तन संपलं, शेवटच्या टाळ्या विरल्या, आणि विभावरी आशीर्वादाच्या प्रार्थनेआधी अर्पणं नीट मांडायला टेबलापाशी गेली. तिथेच ती किंचाळली.

"अगंबाई! जुडी कुठंय?"

टेबलावर बाकी सगळं जागच्या जागी होतं. दोन मोठे भोपळे, अंड्यांची टोपली, घरी केलेला पाव, सुलेखाच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी. मधोमध मात्र पांढऱ्या कापडावर नुसते चार दाणे सांडलेले.

नेकारसुल्म म्हणजे जर्मनीतलं, गाड्यांच्या मोठ्या कारखान्याचं गाव. नगर-संगमनेरकडची काही मराठी ख्रिस्ती कुटुंबं इथे नोकरीला आलेली. महिन्यातल्या एका रविवारी ती जर्मन मंडळीच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या, सभागृहात जमतात. ऑक्टोबरात उपकारस्तुतीचा, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा, सण असतो. ज्यानं त्यानं घरचं काही अर्पण आणायचं, मग कीर्तन, मग आशीर्वादाची प्रार्थना आणि शेवटी लिलाव. लिलावाचा पैसा नगरच्या मुलींच्या वसतिगृहाला जातो.

यंदा स्वरूपानं ज्वारीच्या कणसांची जुडी आणली होती. आत्याच्या शेतातली, वाळवून राखलेली, साड्यांच्या घड्यांत लपेटून विमानानं आलेली. ती टेबलावर ठेवली तेव्हा थोरली माणसं खुर्च्यांवरून उठून आली. कुणी वास घेतला, कुणी डोळ्यांना लावली. जर्मनीत ज्वारीचं पीठ मिळतं हो, पण कणीस? कणीस कुणी बघितलं होतं इतक्या वर्षांत?

एकट्या सुलेखानं तेवढा तिला हात लावला नव्हता.

म्हणूनच आता सगळ्यांच्या नजरा पहिल्यांदा तिच्याकडे वळल्या. आणि त्या नजरांत तिला स्वतःचंच मन दिसलं, कारण जुडी नाहीशी झालेली बघून तिला पहिल्या क्षणी बरं वाटलं होतं.

२

अकरा वर्षं इथलं कीर्तन सुलेखानं केलं. बायबलमधल्या रूथचं आख्यान लावलं की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मागच्या हिवाळ्यात गळ्याचं ऑपरेशन झालं आणि वरचे सूर गेले ते गेलेच. आता ती मागे बसून पेटी वाजवायची, नवरा सुधीर झांज धरायचा, आणि तिच्या जागी उभी राहायची स्वरूपा. वय सत्तावीस, कारखान्यात इंजिनिअर, आवाज असा की तीन सप्तकं अंगणासारखी वापरायची. आज तिनं आख्यानही निवडलं होतं ते काइन आणि हाबेलचं. एकाचं अर्पण देवाला आवडलं, दुसऱ्याचं नाही, आणि त्या दुसऱ्याचं तोंड उतरलं. पेटीचा भाता ओढताना सुलेखाला वाटत होतं, ही पोर माझ्याकडे बघून गातेय.

एक गोष्ट अजून उरली होती तिच्याकडे. दरवर्षी लिलावात सगळ्यांत मोठी बोली तिच्या लोणच्यावर लागायची. यंदा जुडीपुढे बरणीकडे कोण बघणार होतं?

"हे बघा," पद्माकर म्हणाला. तो तबला वाजवायचा, लिलावही तोच पुकारायचा आणि कीर्तनाआधी, चहाच्या वेळी, दानावर दोन शब्दही तोच बोलायचा. "मधल्या पदाला आपण सगळे डोळे मिटतो. तेव्हाच गेली. आणि डोळे न मिटणारा इथे एकच माणूस आहे."

स्वरूपाच्या बोटात ज्याची अंगठी होती तो शार्दूल मागच्या खुर्चीवर बसला होता. आखन शहरात पीएच.डी. करायचा, महिन्यातून एकदा ट्रेननं यायचा.

मधल्या पदाची ती रीत सुलेखानंच घालून दिलेली. पूर्वरंग संपला की एक पद म्हणायचं आणि कापडी थैली हातोहात फिरवायची. सगळ्यांनी डोळे मिटायचे, गाणाऱ्यानं, वाजवणाऱ्यानंसुद्धा. कुणी काय टाकलं ते कुणाला दिसू नये.

"थैली घेताना मी जुडीला हात लावून नमस्कार केला होता," विभावरी म्हणाली. ती पद्माकरची बायको. "म्हणजे पद सुरू होईस्तोवर होती. नंतर ती भोपळ्यांच्या आड, खुर्च्यांवरून दिसायचीच नाही."

"मी घेतली नाही," शार्दूल म्हणाला. "एवढंच सांगतो."

"मग काय बघितलंस ते सांग की!"

"मी फोनमध्ये बघत होतो."

"आल्झो, म्हणजे चहाच्या वेळी आमची अब्रू काढली, आता अर्पण पळवलं," पद्माकर कडाडला. "उद्यापासून याला इथे यायचं कारण नाही."

स्वरूपा शांतपणे म्हणाली, "काका, तो नाही तर मीही नाही. आखनला मला नोकरी मिळतेय, मीच टाळत होते."

सुलेखानं मनात हिशेब मांडला. स्वरूपा गेली तर ती उभी राहायची जागा रिकामी. फाटका का होईना, आवाज होता. लोकांनी चालवून घेतला असता.

"सुलेखाताई, ज्येष्ठ तुम्ही. तुम्हीच ठरवा," पद्माकर म्हणाला.

कारखान्यात परत आलेला तुटका भाग हातात घेऊन तो कुठून आणि कशानं तुटला हे शोधणं, हे सुलेखाचं रोजचं काम. काही न शोधता 'बरोबर' म्हणायची सवयच नव्हती जिभेला.

"सहाला सभागृह रिकामं करायचंय ना?" ती म्हणाली. "तोपर्यंत मला वेळ द्या. कुणी बाहेर जाऊ नका."

३

सभागृहाची देखभाल करायची ती फ्राऊ ब्रेंडले, म्हणजे ब्रेंडलेबाई. जाडजूड बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सुलेखानं तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"वाळकं गवत समजून टाकलं असेल का हो ओल्या कचऱ्यात?" तिनं जर्मनमध्ये विचारलं.

फ्राऊ ब्रेंडलेनं डबाच उघडून दाखवला. चहाचा चोथा आणि सफरचंदाच्या साली. "उपकारस्तुतीच्या दिवशी मी धान्य टाकेन? माझा बाप शेतकरी होता. आणि तुमच्या लोकांना सांगा, आमच्या पिकाच्या मुकुटाला टेकू नका. सकाळी मी सरळ उभा केला होता, आता एका अंगाला कललाय."

गहू-ओटच्या ओंब्या विणून जर्मन लोक या सणाला एक मोठा मुकुट करतात. तो वाजवणाऱ्यांच्या मागे, टेबलाच्या बाजूला खांबावर उभा होता. सुलेखानं "हो, हो, सांगते" म्हणून मान डोलावली आणि शार्दूलकडे गेली. तो बाहेर पायरीवर बसला होता.

"चहाच्या वेळी काय गरज होती रे एवढं बोलायची?"

"मी काय खोटं बोललो, काकू? येशूनंच सांगितलंय ना, दान करताना कर्णा वाजवू नका? पद्माकरकाका तर माईक घेतात."

"लोकांना हुरूप येतो."

"माझ्या पप्पांनाही तसंच वाटायचं." शार्दूल साताऱ्याकडच्या एका चर्चच्या पाळकांचा मुलगा. "दर महिन्याला वर्गणी वाचून दाखवायचे. मोठे आकडे आधी. आमच्याकडे पारूबाई म्हणून भाजी विकणाऱ्या होत्या, त्यांचं नाव सगळ्यांत शेवटी. दहा रुपये. त्या मान खाली घालायच्या. मी नऊ वर्षांचा होतो. देव मला तिथेच सुटला."

"म्हणजे माणसं चुकली म्हणून देव नाही?"

"असता तर त्यानं पारूबाईंचं नाव आधी वाचलं असतं."

"वाचलंच असेल. तुझे पप्पा वाचत होते ती यादी वेगळी."

तो हसला. "हे छान आहे, काकू. कीर्तनात शोभेल. पण पारूबाईंना ते ऐकू आलं का?"

सुलेखा त्याच्याशेजारी पायरीवर बसली. ती म्हणाली, "पद्माकरचं काय मग?"

"ते दानावर बोलत होते आणि मला राहवेना. पगारातून चर्चचा कर कापला जातो ना इथे, किर्शेनश्टॉयर? तो वाचवायला त्यांनी मंडळीच्या नोंदणीतून नाव काढलंय. विभावरीकाकूच बोलून गेल्या होत्या. आणि हे सभागृह गरम कशावर राहतं? त्याच करावर. हे सगळ्यांसमोर बोललो आणि म्हटलं, आज जुडीवर सगळ्यांत मोठी बोली मी लावणार, देव न मानणारा माणूस किती देतो ते बघा."

"म्हणजे जुडी तुला लिलावात हवी होती. लपवून तुझा तोटाच."

"गेनाऊ, अगदी बरोबर. पण पद्माकरकाकांना हे कोण सांगणार?"

"आणि मधल्या पदाला खरंच फोनमध्ये होतास?"

त्यानं तिच्याकडे बघितलं, मग बुटाकडे. "हो."

तुटक्या लोखंडापेक्षा माणूस वाचायला सोपा. पोरगा धडधडीत खोटं बोलत होता. आणि जो मुलगा पद्माकरला तोंडावर खरं सुनावतो, त्याला आता खोटं का बोलावं लागलं?

४

स्वरूपा खिडकीपाशी एकटी उभी होती. रडून डोळे लाल. त्या लाल डोळ्यांनीही ती सुंदरच दिसत होती, आणि सुलेखाला त्याचाही राग आला.

"काकू, तुम्हाला वाटतं त्यानं केलं?"

"तू काय बघितलंस?"

"माझे डोळे मिटलेले होते. तुमच्या रीतीप्रमाणे." ती घुटमळली. "एक सांगू? मला तुमची भीती वाटते गाताना. मागे तुमची पेटी असते. एखादी जागा चुकली की तुमचा सूर थोडा मोठा होतो. नगरला असताना मी तुमची कीर्तनं फोनवर ऐकून शिकले. मला अजून तुमच्यासारखं ओळीच्या मध्ये थांबता येत नाही."

हे सुलेखाला नको होतं. प्रतिस्पर्ध्यानं वाईट असावं, म्हणजे सोपं जातं. ती "बरं" म्हणाली आणि विभावरीकडे वळली.

विभावरी प्रत्येक कीर्तन फोनवर रेकॉर्ड करून आईला नगरला पाठवायची. फोन समोर खुर्चीवर उभा केलेला, त्यात फक्त स्वरूपा.

"यात टेबल दिसतच नाही गं," विभावरी म्हणाली.

"मला बघायचं नाहीये. ऐकायचंय."

सुलेखानं फोन कानाला लावला आणि डोळे मिटले. मधलं पद सुरू झालं.

*तुझ्याच शेती पिकले दाणे, तुलाच आणिले दान,*
*माझे म्हणावे असे काय रे, माझा तेवढा मान.*

तबला चालू. पद्माकरचा हात एकदाही उठत नव्हता. पेटी चालू, म्हणजे ती स्वतः जागेवर होती, याची साक्ष तिचीच बोटं देत होती. स्वरूपाचा आवाज जागचा हलत नव्हता. पहिलं कडवं, दुसरं कडवं. तिसऱ्याला तिच्या कानाला काहीतरी उणं लागलं. तिनं मागे नेऊन पुन्हा ऐकलं.

गाणं भरलेलं होतं, पण त्याच्यावरची ती पातळ, चकाकती कड गेली होती. पाचव्या कडव्याला ती परत आली, जराशी घाईत, अर्धी मात्रा पुढे.

झांज.

आणि झांज वाजवत होता सुधीर. तिचा नवरा.

५

तिनं लगेच हाक मारली नाही. आधी एक गोष्ट जुळवायची राहिली होती. जुडी होती कुठे?

शार्दूलनं घेतली असती तर सरळ बॅगेत घातली असती, आशीर्वादाची प्रार्थना झाली काय न झाली काय. फ्राऊ ब्रेंडलेनं घेतली असती तर डब्यात सापडली असती. पण आपल्यात अर्पण एकदा टेबलावर ठेवलं, की प्रार्थनेआधी ते उपासनेच्या जागेबाहेर नेत नाहीत. ही भीती ज्याच्या रक्तात आहे, तो चोरी करतानासुद्धा ते देवासमोरच ठेवणार. म्हणजे चोर श्रद्धावान होता. आणि जुडी अजून याच खोलीत होती.

एका अंगाला कललेला मुकुट तिला इथून दिसत होता. ती जवळ गेली. गहू-ओटच्या सोनेरी ओंब्यांमध्ये, मागच्या बाजूला, पांढरट टपोऱ्या दाण्यांची पाच कणसं नीट खोचलेली होती. त्यांच्यावरचा लाल दोरासुद्धा सुटला नव्हता.

सुधीर झांजा फडक्यात गुंडाळत होता. ती त्याला कोट अडकवायच्या बोळात घेऊन गेली.

"अहो, तिसऱ्या कडव्यात तुमची झांज कुठं गेली होती?"

त्याच्या हातातल्या झांजा आपोआप किणकिणल्या. त्या फडक्यात दाबून धरत तो म्हणाला, "मला लिलाव होईपर्यंतच लपवायची होती गं. नंतर 'अरे, ही बघा इथे' म्हणून काढणार होतो. पण तो पोरगा सापडला त्यांच्या तावडीत आणि माझी वाचाच बसली."

"पण का?"

"तुझी बरणी."

"माझी बरणी काय?"

"पहिल्या वर्षी ती कुणी घेतली नव्हती. आठवतंय? घरी येऊन तू लोणच्याची सगळी भांडी घासत रडलीस. दुसऱ्या वर्षापासून मी पैसे आधीच पद्माकरच्या हातात द्यायचो. बोली त्याची, पैसे माझे." तो भिंतीकडे बघत होता. "आज चहानंतर तो म्हणाला, खोटी बोली आज लावणार नाही, तो मुलगा मला आणखी उघडा पाडेल. मी म्हटलं, जुडी शंभर युरोंवर जाईल आणि हिची बरणी तशीच राहील. कीर्तन गेलं, आवाज गेला, आता हेही?"

सुलेखा कोटांना टेकून उभी राहिली. दहा वर्षं ती ज्या मानावर जगली, ज्याच्यासाठी आज सकाळपासून जळत होती, तो मान तिच्या घरच्याच खिशातून आलेला होता. तिला त्याला मारावंसं वाटलं, आणि त्याच्या गळ्यातही पडावंसं वाटलं.

"गप्प बसू," सुधीर हळूच म्हणाला. "तो काय, महिन्यातून एकदा येतो. स्वरूपा गेली तर कीर्तन पुन्हा तुझंच."

तोंडानं त्यानं तेच म्हटलं, जे ती मनातल्या मनात तासभर चघळत होती. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते इतकं घाण वाटलं, की ती सरळ बाहेर पायरीपाशी गेली.

"तू बघितलंस ना, शार्दूल?"

तो उठून उभा राहिला. "काकू, जाऊ द्या."

"पद्माकरचं तर फाडफाड बोललास. यांचं का झाकलंस?"

"पद्माकरकाका लोकांना शिकवत होते. सुधीरकाका कुणाला काही शिकवत नव्हते." तो थांबला. "लपवायच्या आधी त्यांनी ती जुडी कपाळाला लावली. मला वाटलं, यांना काही झालंय, आता हे सगळ्यांसमोर मांडायचं तर पारूबाईंसारखंच होईल."

"तुला हाकलत होते ते! स्वरूपाला सोडावं लागत होतं हे सगळं!"

"मला कुठे इथे यायचंच होतं?" तो म्हणाला. पण त्याचा आवाज चिरकला, आणि सुलेखाला कळलं की त्याला यायचं होतं.

६

साडेपाचला ती स्वरूपाच्या जागेवर, कीर्तनकारानं उभं राहायच्या जागी, उभी राहिली. तिथून शेवटचं बोलायचं तर हेच, असं तिनं ठरवलं होतं.

"जुडी इथेच आहे," ती म्हणाली, आणि मुकुटाकडे बोट केलं. "ती घेणारा देवाला घाबरणारा माणूस आहे. न घाबरणाऱ्यानं ती केव्हाच बाहेर नेली असती. तबला थांबला नाही, पेटी थांबली नाही. झांज थांबली. माझ्या घरातली झांज. आणि ती थांबली ती माझ्या मत्सरापायी. मी सकाळपासून तोंड पाडून बसले नसते, तर यांना असलं काही सुचलं नसतं."

"तिचा काही दोष नाही," सुधीर मागून म्हणाला. तो उभा राहिला होता, फडकं हातात तसंच. "लोणच्याची बोलीही माझीच असायची. पद्माकरला विचारा."

पद्माकरनं मान खाली घातली.

स्वरूपानं मुकुटातून जुडी काढली. सगळ्यांना वाटलं, ती टेबलावर ठेवेल. तिनं ती सुलेखाच्या हातात दिली आणि म्हणाली, "काकू, पुढच्या महिन्यात पेटी तुम्हीच वाजवायची. थांबायचं कसं ते शिकायचंय मला."

सुलेखानं पहिल्यांदा त्या कणसांचा वास घेतला. मग ती शार्दूलपाशी गेली आणि सगळ्यांदेखत, भाच्याच्या वयाच्या त्या मुलासमोर, हात जोडले. "चुकलो रे आम्ही." तो इतका गांगरला की जर्मनमध्येच काहीतरी पुटपुटला. लिलाव त्या दिवशी झाला नाही. पद्माकरनं पुन्हा नाव नोंदवलं की नाही, ते त्याचं त्याला आणि देवाला ठाऊक.

सुलेखाचा मत्सर गेला का, म्हणाल? नाही हो. स्वरूपानं वरचा सूर लावला की अजून टोचतो. पण ती भाता ओढत राहते, आणि पोरगी अडखळली तर सूर मोठा करत नाही, हळूच खाली आधार देते.

आणि शार्दूल अजून येतो. मागच्या खुर्चीवर बसतो, वाद घालतो, डोळे उघडे ठेवतो. देव नाही म्हणतो. पण डाव्या हाताला कळू न देता उजव्यानं द्यायचं, हे त्या सभागृहात त्या दिवशी कुणी केलं असेल, तर त्यानं केलं. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. आज रात्री दिवा मालवण्याआधी प्रार्थनेला बसाल, तेव्हा आपल्या माणसांच्या नावांत आखनच्या त्या मुलाचंही नाव घ्या. त्याला मात्र कळू देऊ नका. चिडेल.